माप उभ्यानेच घ्यायचं

१२ जून

प्रिय ठोक्या,

हे पत्र तुझ्याआधी तुझ्या सेक्रेटरीबाई उघडणार असतील, तर साहेबांना घरी काय म्हणायचे हे त्यांनाही आता कळलं. माझा इलाज नाही. हातोडी हाताला लागली की तू समोर येईल ते ठोकत सुटायचास. एकदा बाबांची चप्पल तू उंबरठ्याला खिळ्यांनी ठोकून ठेवलीस आणि बाबा घाईघाईने तिच्यात पाय घालून निघाले ते सरळ तोंडावर आपटले. बोलणी मात्र मी खाल्ली, कारण हातोडी मी दिली होती.

नऊ वर्षं आपण बोललो नाही. फोन करणार होते, पण फोनवर मला बोलता येत नाही, फक्त भांडता येतं. म्हणून पत्र.

तुझ्या सेक्रेटरीबाईंनी मला एक छापील कागद पाठवलाय. कंपनीला पंचवीस वर्षं होताहेत, स्मरणिका निघते आहे, थोरल्या भगिनी या नात्याने मी दोन पानं लिहावीत. सोबत तीन प्रश्न. आपल्या बंधूंच्या यशाचं रहस्य काय? लहानपणीच त्यांच्यात कोणते गुण दिसले? आणि तिसरा, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं यश कोणतं? पहिल्या दोन प्रश्नांना जवळजवळ एकेक पान आणि तिसऱ्याला तीन ओळी. मी तो कागद केराच्या डब्यात टाकला, जेवून आले आणि पुन्हा काढला. त्यावर आता खळीचा डाग आहे, तेवढा चालवून घ्यायला सांग.

तिसऱ्या प्रश्नापाशी मी अडून बसले. मनात आलं, हा प्रश्न तूच घालायला लावलास. कारण बाबा गेल्यावर याच दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, तू मला हेच विचारलं होतंस. "जन्मभर लोकांच्या पायाशी बसलीस ताई. मिळवलंस काय?" मी म्हटलं, चालता हो. तू झालास. बाबांना भेटायला तू पोचलास तेव्हा उशीर झाला होता, म्हणून तू चिडलेला होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. ते असो.

दुकान अजून तेच आहे. एक खोली, रस्त्याकडे एक खिडकी, बाबांचं मधोमध खोलगट झालेलं स्टूल, आणि भिंतभर गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचे. वाकडे, आखूड, एका बाजूला सुजलेले, चवडाच नसलेले. तू त्यांना भुतांची भिंत म्हणायचास.

काल माझी दोरीउड्यावाली आली. वय अकरा. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. तीन वर्षांची होती तेव्हापासून तिचे जोडे मी करते. बुचाच्या लाकडाचे थर आत घालायचे, बाहेरून जाड दिसू द्यायचं नाही. पाय वाढतो तसं दर आठ महिन्यांनी नवं माप. माप घेताना तिचं तोंड सुरूच होतं. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, शंभर उड्या कुणी मारल्या. मी विचारलं, "जोडा टोचत नाही ना गं?" ती म्हणाली, "कुठला जोडा?"

बाबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. गिऱ्हाईक जोडा विसरलं की आपलं काम झालं. त्या तीन ओळींत मी तेच लिहिलं, की अकरा वर्षांच्या एका मुलीला आपल्या पायात काय आहे ते आठवलं नाही. मग खोडलं. तुझ्या बाई म्हणतील, साहेबांच्या बहिणीचं डोकं फिरलंय.

तुझी,
ताई

२९ जून

प्रिय ठोक्या,

तुझं उत्तर नाही. बाईंचं आलं. 'मजकूर लवकर मिळाल्यास उपकृत होऊ.' म्हणजे माझं पत्र त्यांनी उघडलेलं नाही, तसंच तुझ्या टेबलावर ठेवलंय. हुशार बाई आहे. तिला सांभाळ.

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुझं नवं दुकान आमच्या चौकात उघडलं तेव्हा मी चेहऱ्यावर ओढणी घेऊन आत गेले आणि एक जोडी विकत घेतली. घरी आणून उसवली. टाके सरळ आहेत. कातडं बरं आहे. टाचेत पुठ्ठा आहे, पण तो सगळेच घालतात. मी दिवसभर दोष शोधत बसले आणि हाती फार काही लागलं नाही, म्हणून मग संध्याकाळी उगाचच शेजारच्या शिंप्याशी भांडले. चौकातली पोरं आता तुझे बूट घालून शाळेत जातात. पूर्वी त्यांतली निम्मी अनवाणी जायची. हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

पत्रासोबत खोका पाठवते आहे. शेवटच्या महिन्यात बाबा बसून बसून काहीतरी कापत असायचे. मी लक्ष दिलं नव्हतं. ते गेल्यावर आवरताना मला तुझा साचा सापडला, तू विसाव्या वर्षी मापाला उभा राहिला होतास तेव्हाचा, टाचेवर बाबांनी छोटी हातोडी कोरलेला. त्याच्यावर तपकिरी कातडं ताणून ठोकलेलं होतं. उजवा बूट पुरा झाला होता. डाव्याला तळ लावायचा राहिला होता.

नऊ वर्षं तो तसाच फडताळात होता. या आठवड्यात मी डावा पुरा केला. माझे टाके बाबांच्या टाक्यांशेजारी ठेवून बघ. जरा तिरके आहेत, पण आता माझे डोळेही त्यांच्या तेव्हाच्या डोळ्यांइतकेच थकलेत.

घालून बघ. आवडले नाहीत तर काचेच्या कपाटात ठेव. श्रीमंतांच्या घरात असतं म्हणे तसलं कपाट.

तुझी,
ताई

२० जुलै

ठोक्या,

खोका परत आला.

तुझा ड्रायव्हर घेऊन आला. भला माणूस दिसतो. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर संकोचला. "साहेबांनी द्यायला सांगितलंय, बाकी काही बोलले नाहीत." मला इतका राग आला की मी खोका कोपऱ्यात भिरकावला. मग म्हटलं, निदान चिठ्ठी तरी असेल. चिठ्ठी नव्हती. डाव्या बुटात घडी घातलेला एक कागद होता, कंपनीचं नाव छापलेला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने काढलेलं एक पाऊल.

आधी माझी चूक सांगते. भिंतीवर साचा असला तरी दर खेपेला माप नवं घ्यायचं, हा बाबांचा पहिला धडा. गिऱ्हाईक मागच्या महिन्यात येऊन गेलेलं असलं तरी. मी शिकाऊ असताना एकदा जुन्या मापावर बूट केले तर त्यांनी ते माझ्यासमोर उसवले होते. आणि तुझे बूट मी बत्तीस वर्षांपूर्वीच्या साच्यावर पुरे केले. बाबांनीही त्याच्यावरच सुरू केले होते. दोघांच्याही डोळ्यांपुढे तू विसाचाच होतास. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत आम्ही असं केलं नसतं.

आता तुझ्या कागदाबद्दल. तू मोचीचा मुलगा आहेस. हा कागद मी कसा वाचेन हे तुला ठाऊक होतं, तरी पाठवलास. म्हणून स्पष्ट लिहिते.

पाऊल तू बसून काढलंस. अंगाचा भार पडलेला नाही, म्हणून ते अरुंद आलंय. रेघ आतल्या बाजूला कललेली आहे, म्हणजे स्वतःच वाकून काढलंस, कुणाला मदतीला बोलावलं नाहीस. टाचेपाशी ती दोनदा आली आहे, म्हणजे मध्ये थांबलास. आणि अंगठा जिथे हवा तिथे रेघ आडवी गेली आहे. शेजारच्या बोटाच्या जागीही. मला वाटलं पेन्सिल घसरली. बोटाने गिरवून पाहिली, पुन्हा गिरवून पाहिली. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि आतल्या बाजूला बसून रडले.

साखर असणार. बाबांनाही होती. कधी झालं हे? तुझ्याजवळ कोण होतं? ड्रायव्हरला मी गाडीपाशी गाठलं. तो म्हणाला, "साहेब हल्ली उतरायला वेळ लावतात. ऑफिसात गेले की बूट काढून पाय टेबलाखाली ठेवतात." एवढं बोलला आणि जीभ चावली. त्याला रागावू नकोस. मीच त्याला बोलता केला.

खरं सांगू? एक क्षण मला बरं वाटलं होतं. बावीस दुकानं, सहापासून अकरापर्यंत सगळी मापं, आणि मालकाच्या पायाला त्यातलं एकही होत नाही. क्षणभरच वाटलं. नंतर माझीच मला लाज वाटली आणि अजून वाटते आहे.

असे पाय माझ्याकडे आठवड्याला दोन तरी येतात, इस्पितळातले डॉक्टर पाठवतात. दोन बोटं गेली की सगळा भार उरलेल्या पावलावर येतो. चुकीच्या बुटात तिथे फोड येतो, आणि दुखत नाही म्हणून तो कळत नाही. कळतो तेव्हा डॉक्टर घोट्याबद्दल बोलायला लागतात. ठोक्या, मी तुला घाबरवत नाहीये. हो, घाबरवते आहे. रोज रात्री तळवा आरशात बघ, आणि तुझे ते टोकदार काळे बूट आजच्या आज काढून टाक.

हा कागद माप नव्हे. माप उभ्यानेच घ्यायचं, संध्याकाळी घ्यायचं, दिवसभराचा पाय भरलेला असतो तेव्हा. आणि बाबांची तिसरी अट तू विसरला नसशील. आपण खाली बसायचं, आणि गिऱ्हाइकाचा हात आपल्या खांद्यावर पडेपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही. तोवर माणूस स्वतःला सावरून धरतो आणि पाऊल खोटं येतं.

कुठल्याही दिवशी ये. सहा वाजता मी इतर गिऱ्हाईक घेत नाही.

ताई

२६ जुलै

ठोक्या,

मागचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. माझ्या खांद्यावर हात ठेव असं तुला लिहिलं, आणि एक गोष्ट दडवून ठेवली. ती वाचून यायचं की नाही ते तू ठरव. दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असशील तर इस्पितळाजवळ एक चांगला कारागीर आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तो माझ्याइतका चांगला नाही, पण वाईट नाही. पाय मात्र दाखव.

बाबा गुरुवारी सकाळी गेले. तू दुपारी पोचलास. मी तुला फोन बुधवारी संध्याकाळी केला होता. तू विचारलंस, आधी का नाही कळवलं? मी म्हटलं, एकाएकी बिघडलं. ते खोटं होतं. मंगळवारी सकाळी चहा पिताना ते नीट शुद्धीत म्हणाले होते, "ठोक्याला बोलव." मंगळवारीच फोन केला असता तर रात्रीपर्यंत तू आला असतास आणि बुधवारचा सबंध दिवस तुम्हाला मिळाला असता. बुधवारी दुपारपर्यंत ते बोलत होते.

मी फोन केला नाही. विसरले नव्हते. फोन हाताशी होता.

त्यांचं सगळं मी करत होते. अंघोळ, औषधं, आणि दुकानही. सोळा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसून काम केलं. त्या सबंध आठवड्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते तुला. मनात आलं, हा येईल, मोठ्या गाडीतून उतरेल, आणि यांचा चेहरा असा फुलेल जसा माझ्यासाठी कधी फुलला नाही. उद्या करू, एक दिवसाने काय बिघडतंय, असं स्वतःला सांगितलं. बिघडलं.

मग तू विचारलंस, मिळवलंस काय. तू रागात विचारलंस, पण मला वाटलं तुला सगळं कळलंय. म्हणून चालता हो म्हणाले. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले की भावाला पैशाची मस्ती चढली. तुला चढली होतीही थोडी. पण दार मी लावलं ते तेवढ्यासाठी नाही.

माफ कर असं लिहून पाहिलं, पण ते वाचताना फार स्वस्त वाटलं. तरी लिहिते. माफ कर.

ताई

६ सप्टेंबर

प्रिय ठोक्या,

तुझे बूट तयार झाले. ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे.

त्या दिवशी तू होतासच, तुला काय सांगायचं. पण मी सगळा वेळ खाली मान घालून होते, तुझ्या बाजूने काय दिसलं मला माहीत नाही. माझ्या बाजूने काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे भांडण झालं तर उपयोगी पडेल.

दोन आठवडे तू आला नाहीस. मी रोज सहाला स्टूल पुसायची, कागद पसरायची आणि सातला गुंडाळायची. तू येणार नाहीस असं मी पक्कं धरलं होतं. त्या दिवशी दोरीउड्यावाली तिची नवी जोडी न्यायला उशिरा आली होती, म्हणून सहा वाजून गेल्याचं कळलंच नाही. दारात पाऊल वाजलं. डावं जरा घासत येणारं. मी वर न बघता ओळखलं. ती पोर तुला म्हणाली, "तुम्ही आधी या काका, मला घाई नाही," आणि तू, बावीस दुकानांचा मालक, तिच्या मागे नंबर लावून बसलास.

ती गेली. तू कोट काढला नाहीस. मोजा काढलास. मी कागद पसरला, खाली बसले. तू उभा राहिलास, दोन्ही हात खिशात.

मी पेन्सिल धरून थांबले. भिंतीवरचे साचे मोजले, एक्केचाळीसपर्यंत पोचले.

तू म्हणालास, "एक दिवस?"

मी म्हटलं, "एक दिवस."

तू म्हणालास, "काय बोलले असते गं ते माझ्याशी?"

मला खोटं सांगता आलं असतं. काहीतरी छान. मी म्हटलं, "मला माहीत नाही. बहुतेक तुझ्या बुटांकडे बघून म्हणाले असते, हे काय घातलंयस."

तू हसलास की रडलास ते कळलं नाही, वरून नुसता आवाज ऐकू आला. आणि मग माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला. जड होता. भार पूर्ण आला आणि कागदावर तुझं पाऊल पसरलं. ते बसून काढलेल्या पावलापेक्षा करंगळीएवढं रुंद आलं. तेव्हा मी माप घेतलं.

बुटांबद्दल. दोन बोटांच्या जागी आत मऊ लोकर भरली आहे. बाहेरून कुणाला काही दिसणार नाही. दिसावं असं तुला कधी वाटलं तर सांग, तसाही करते. तळ कडक ठेवलाय म्हणजे चवड्यावर भार येणार नाही. आत एकही शिवण नाही, हात घालून बघ. साचा नवा केला नाही. बाबांनी कोरलेलाच घेतला, रुंद झालंय तिथे कातड्याचे तुकडे चिकटवून घासले, आणि पुढची दोन बोटं कापली. कापायला दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी शिंप्याला चहाला बोलावून बसवला आणि त्याच्या देखत करवत चालवली. टाचेवरची हातोडी तशीच आहे. आता तो भिंतीवर आहे, माझ्या नजरेसमोरच.

स्मरणिकेचा मजकूरही सोबत आहे. पहिल्या प्रश्नाला लिहिलंय, 'यशाचं रहस्य मला माहीत नाही, पण पहिली हातोडी मी दिली होती.' बाईंना हे छापायचं धाडस होतंय का बघू. दुसऱ्यात चपलेची गोष्ट लिहिली आहे. तिसऱ्यात खूप काही लिहिता आलं असतं, या भिंतीवर एवढे पाय आहेत. शेवटी त्या मुलीचंच ठेवलं, खोडलेलं पुन्हा लिहून काढलं. आणि एक ओळ उरली होती, तिथे लिहिलं, 'माझा भाऊ संध्याकाळी सहाला आला होता.' ते नको असेल तर तू खोड. मी खोडणार नाही.

पहिला आठवडा रोज एकच तास घाल. संध्याकाळी तळवा बघायचाच, कंटाळा करायचा नाही. एक महिन्याने बूट पायात आहेत हे तुला आठवत राहिलं, तर माझं काम चुकलं, घेऊन ये, मी उसवून पुन्हा करीन. आणि विसरलास, तर नुसता ये.

तुझी,
ताई